अकरा सेकंदांची घडी

मी सतरंजी. अकोटची. बोलायची मला सवय नाही. माझ्यावर बसून दुसरे बोलतात आणि मी ऐकते. तीस-बत्तीस वर्षं मी हेच केलं. पण मध्यंतरी मला अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत नेलं, टेबलावर ठेवलं आणि टाचणीनं माझ्या अंगावर चिठ्ठी लावली : 'वस्तू क्रमांक एक'. तेव्हापासून वाटतं, एकदा आपलंही म्हणणं कोणी ऐकून घ्यावं.

माझा जन्म बुधाजी विणकराच्या घरातला. त्याचा माग जमिनीवर आडवा पसरलेला असे. एका बाजूला बुधाजी बसायचा, दुसऱ्या बाजूला त्याची बायको. तिकडून निळं सूत यायचं, इकडून तांबडं जायचं. बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब अशी मी त्या दोघांच्या मधे हळूहळू वाढले. एकट्या माणसाच्या हातून मी झालेच नसते. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं त्यावरच येतं.

मला विकत घेतलं हिवरखेडच्या शेषरावनं. झेंडू, वांगी, मेथी लावणारा माळी. शाळा चौथीपर्यंत. त्याचा एक पक्ष होता, अजून आहे. नाव मी सांगत नाही. माझ्यावर सगळ्याच पक्षांचे लोक बसून गेले आहेत, सतरंजीनं नाव घेऊ नये. एवढं सांगते की पक्ष लहान होता आणि त्याच्याकडे स्वतःची सतरंजी नव्हती. शेषराव म्हणाला, "बसाले जागा नसन तर लोक आयकतीन कसे?" आणि मला सायकलवर बांधून घेऊन आला.

त्याची बायको मनकर्णा. तिनं माझ्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं नवऱ्याचं नाव भरलं. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे, पण दोऱ्यानं घेतलं. त्यात 'ष' चुकला. 'शेशराव, हिवरखेड' असं झालं. शेषरावला ती चूक फार आवडली. लोक दाखवायचे, तर तो म्हणायचा, "असू द्या. चुकीवरूनच वळखू येते, माही कोणती ते."

सभा संपली की माणसं उठतात आणि निघून जातात. मी मात्र पसरलेलीच राहते, अंगावर भुईमुगाची टरफलं आणि बायकांच्या वेणीतली फुलं घेऊन. मग शेषराव माझी दोन टोकं धरायचा, मनकर्णा दोन. एकदा झटकायचे. मग एकमेकांकडे चालत यायचे, टोकाला टोक लागायचं, की एक घडी. दिवसभर तो मळ्यात आणि ती बाजारात. समोरासमोर येणं त्यांचं तेवढंच. त्या चालण्यात ती विचारायची, "जेवलात का?" तो म्हणायचा, "तू?" माझ्या घडीघडीत त्यांचं असलं बोलणं बसलेलं आहे.

मी काही फक्त सभांना गेले नाही. गावातली लग्नं, बारशी, सप्ताह, लसीकरण, ग्रामसभा, सगळीकडे गेले. सरकारी साहेब आले तरी शेषरावकडूनच मला मागून न्यायचे. तेव्हा माझी घडी कोणी घातली, हे कोणी विचारलं नाही.

आपल्याकडे 'सतरंज्या उचलणारा' असा एक शब्द आहे. जो पक्षासाठी आयुष्यभर राबतो आणि ज्याला कधी तिकीट मिळत नाही, त्याला असं म्हणतात. शेषरावला हे तोंडावर म्हणत. तो हसायचा. "मंग कोणाले तं उचलाच लागते ना, बाप्पा." माझं नाव लोकांच्या तोंडी शिवीसारखं झालं, याचं मला वाईट वाटे. त्याला वाटत नसे.

त्यांना एकच लेक, रागिणी. लहानपणी ती भाषणं चालू असताना माझ्याच कोपऱ्यावर झोपी जायची. अठरा वर्षांची झाली, पहिलं मत देऊन आली, तेव्हा शेषरावनं अंगणातच विचारलं, "टाकलं ना आपल्याले?"

"बाबा, ते गुप्त असते."

"बापापासून बी?"

"बापापासून बी."

दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पारावर बसून स्वतःच सर्वांना सांगत होता, "माही पोट्टी मले बी सांगत नाही, मंग तुमाले काय सांगन!" त्यात अभिमान होता.

पाच वर्षांपूर्वी मनकर्णा गेली. सभांना खुर्च्या आल्या. मी आता फक्त पुढच्या बाजूला, बायका आणि लेकरांसाठी. माझी दुसरी दोन टोकं कधी शेजारचा रामराव धरायचा. मग रामराव दुसऱ्या पक्षात गेला, तेव्हा जो हाताशी सापडेल तो.

दोन वर्षांपूर्वी रागिणीला सरकारी नोकरी लागली. अंजनगाव सुर्जीच्या एका कार्यालयात लिपिक. तीनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात राहिली होती. पण नोकरी अजून कच्ची होती. या काळात काही वाकडं आढळलं तर सरळ घरी. ती रुजू झाली त्याच आठवड्यात बापाला म्हणाली, "बाबा, आता मी तुमच्या सभेत येणार नाही. पक्षाचं काम नाही, प्रचार नाही. नियम आहे."

"येऊच नको," शेषराव म्हणाला. "नियम म्हंजे नियम." त्यानं घरावरचा झेंडा उतरवला आणि मळ्यातल्या खोपीवर नेऊन लावला. भिंतीवरचा पत्रक चिकटवलेला भाग चुन्यानं पुसून घेतला. लेकीच्या नोकरीला आपला रंग लागू नये म्हणून तो एवढा जपत होता.

मग तो रविवार आला.

निवडणूक तोंडावर होती. चौकात सभा झाली. रागिणी सुट्टीला घरी आली होती, पण दार लावून आत बसली होती. संध्याकाळी उमेदवार उठला तशी सगळी माणसं त्याच्यामागे चहा-चिवड्याकडे गेली. शेषराव माझी दोन टोकं धरून उभा राहिला. समोर कोणी नव्हतं. तो एकटाच वाकला, आणि त्याचा गुडघा अडला. वाकलेलाच राहिला. वर येता येईना, खाली बसता येईना.

रागिणी त्याला जेवायला बोलवायला चौकात आली होती. माझ्या कडेशी थांबली. ती किती वेळ थांबली ते मला ठाऊक आहे. एक पाय पुढे येत होता, परत मागे जात होता. मग तिनं चपला काढल्या. माझ्यावर पाय ठेवताना चपला काढायची सवय तिला आईनं लावली होती. ती आली आणि तिनं माझी उरलेली दोन टोकं उचलली.

"सोड, बाई. लोक पाहतीन," शेषराव हळूच म्हणाला.

"माय असती तं तिनं सोडलं असतं का?"

ती चालत आली, टोकाला टोक लावलं. एक घडी. दुसरी घडी. पलीकडे धर्मेंद्र मोबाईल धरून उभा होता.

धर्मेंद्र समोरच्या पक्षाचा. त्याच्या बारशाला पाळण्याभोवती बायका बसल्या होत्या, त्या माझ्यावरच. त्यानं अकरा सेकंदांचं चित्रण केलं आणि खाली ओळ टाकली : 'पगार सरकारचा, सतरंजी पक्षाची.' रात्रीतून ते तालुकाभर फिरलं. नंतर त्यानं लेखी तक्रारही दिली.

आठवड्याभरात नोटीस आली. रागिणीनं ती माझ्यावर बसून मोठ्यानं वाचली. 'आपण एका राजकीय पक्षाच्या सभेत सतरंज्या उचलण्याचे काम केल्याचे निदर्शनास आले आहे. सबब आपणास सेवेतून कमी का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा. चौकशीस येताना सदर वस्तू सोबत आणावी.'

शेषरावनं तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "एकच तं होती ना वं. 'सतरंज्या' काहून लिवलं?"

रागिणीनं कागद घडी करून ठेवला. "एक सतरंजी उचलली तं ते काम असते, बाबा. 'सतरंज्या' म्हटलं की माणूस पक्षाचा होते."

पुढच्या शनिवारी तिच्या कार्यालयातला शेखर मोटारसायकलवर आला. वयानं मोठा लिपिक, मनानं चांगला. रागिणी बाजारात गेली होती. त्यानं मला उलगडून कोपरा पाहिला आणि त्याचे डोळे चमकले.

"काका, हे नाव तं चुकलेलं हाये. तुमचं नाव 'ष'वालं. आधारकार्डावर, सातबाऱ्यावर, सगळीकडे. सांगून टाका, हे सतरंजी आमची नोहे. पोरगी रस्त्यानं जात होती, कोण्या म्हाताऱ्याले मदत केली. संपलं."

"कोण्या म्हाताऱ्याले?"

"म्हंजे... लिहाच्या पुरतं, काका."

"अन् मी तिचा कोण, लिहाच्या पुरतं?"

शेखर चहा न पिता गेला. "नाही तं मंग ते नाव तरी काढून टाका," जाता जाता म्हणाला. "तिची नोकरी जाईन. मंग ते नाव घेऊन काय करता?"

ऊन अंगणात आलं होतं. शेषरावनं डबीतून सुई काढली, मला मांडीवर घेतलं आणि मनकर्णाचा टाका उसवायला लागला. सुई मला दोन वेळा टोचली, त्याच्या बोटाला चार वेळा. त्यानं 'शे'ची मात्रा काढली. मग पहिला 'श' काढला. सुटलेला लाल दोरा त्यानं फेकला नाही, बोटाभोवती गुंडाळत गेला. मी त्याच्याजवळ इतकी वर्षं आहे. तो मनकर्णा गेली तेव्हा रडला नव्हता. त्या दुपारीही रडला नाही. फक्त दर टाक्याला म्हणत होता, "रागिणीची माय, माफ कर. माफ कर."

रागिणी आली. हातातली पिशवी तिनं दारातच टाकली.

"बाबा, काय करून राहिले?"

"तुही नोकरी वाचवून राहिलो."

तिनं त्याच्या हातातून सुई घेतली. बोटाभोवतीचा दोरा उलगडला, पण तो जुना, तुटून गेला होता. मग घरात होता तो हिरवा दोरा घेतला आणि 'शे' परत भरला. पुढचा चुकलेला 'श' तसाच ठेवला. म्हणूनच माझ्यावर ते नाव आज दोन रंगांत आहे.

"खोटं बोलून ठेवलेली नोकरी रोज खोटंच बोलाले लावते, बाबा," ती म्हणाली. "आपण जसं हाये तसं सांगू."

"अन् गेली तं?"

तिनं हिरव्या दोऱ्याला गाठ मारली.

चौकशी अमरावतीला झाली. एसटीत शेषरावनं मला मांडीवर धरलं होतं. कंडक्टरनं विचारलं, "काका, सभेले चालले का?" बापलेकीपैकी कोणी हसलं नाही.

साहेब पश्चिम महाराष्ट्रातले होते, शांत, पुस्तकी मराठी बोलणारे. मला टेबलावर ठेवलं, चिठ्ठी टोचली. धर्मेंद्र एका खुर्चीवर, शेषराव दाराजवळच्या बाकावर, रागिणी उभी. साहेबांनी प्रथम माझा कोपरा पाहिला.

"हा हिरवा दोरा नवीन आहे. पुराव्यात बदल केला आहे का?"

धर्मेंद्र खुर्चीत पुढे सरकला.

"हो सर," रागिणी म्हणाली. "वडिलांनी भीतीनं नाव उसवायला घेतलं होतं. मी ते परत भरलं. सतरंजी आमचीच आहे. नाव माझ्या आईनं घातलं होतं."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"हो सर."

"खानदानच पक्षाचं हाये, साहेब," धर्मेंद्र म्हणाला. "सगळ्या गावाले मालूम हाये."

"तुले काहीच मालूम नाही, बेटा," शेषराव बाकावरून म्हणाला. "हे मत कोणाले टाकते ते मलेच मालूम नाही, तुले कोठून राहीन?"

साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. मग जरा नरम आवाजात म्हणाले, "हे बघा, मला कोणाची नोकरी घ्यायची हौस नाही. सोपा मार्ग सांगतो. दोन ओळी लिहून द्या. एक, वडिलांच्या पक्षाशी माझा संबंध नाही. दोन, त्यांचे राजकीय विचार मला मान्य नाहीत. मी प्रकरण इथेच बंद करतो."

कोरा कागद तिच्यापुढे सरकला. पंखा कुरकुरत होता. तिनं पहिली ओळ लिहिली. पक्षाची सदस्य नाही, प्रचार केला नाही, भाषणाला बसले नाही. खाली सही केली आणि पेन ठेवलं.

"दुसरी ओळ?"

"ती नाही लिहिणार, सर."

"म्हणजे त्यांचे विचार तुम्हाला मान्य आहेत?"

"तेही नाही सांगणार."

"लिहून दे, बाई," शेषराव बाकावरून उठत म्हणाला. गुडघा अडला, तो भिंतीला धरून उभा राहिला. "दोनच तं शब्द हायेत. मले राग नाही येणार. आईशप्पथ नाही येणार."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिनं लिहून दिलं असतं, असं मला वाटतं.

"सर, आपल्या वर्तणूक नियमांतच आहे," ती म्हणाली. "कर्मचाऱ्याने मत द्यावं, पण ते कोणाला दिलं किंवा देणार याचा इशारासुद्धा देऊ नये. मी तो नियम पाळते. घरात बापालाही सांगितलं नाही. मग विचार मान्य आहेत की नाहीत, हे इथं सही करून कसं देऊ? पक्षाचं काम करू नको म्हणाल, नाही करणार. ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पण मनात काय आहे ते लिहून दे म्हणाल, तर ते कामात येत नाही."

साहेबांनी कपाटातून पुस्तक काढलं. पान सापडायला वेळ लागला. वाचून झाल्यावर बोट त्याच ओळीवर ठेवून ते बसून राहिले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ठीक. पण घडी घालायला तुम्ही जायची गरज काय होती? वडील एकटे घालू शकले नसते?"

"घालून पाहू द्या त्याले," धर्मेंद्र म्हणाला. "रोज घालते."

मला कचेरीच्या फरशीवर पसरलं. शेषराव पुढे आला. दोन टोकं धरली, ओढली, उलटी टाकली. मी एका बाजूला गोळा झाले. त्यानं परत ओढलं, दुसऱ्या बाजूला सुरकुत्या. तो वाकला, आणि तसाच अडला, त्या रविवारसारखा. रागिणी जागेवरून हलली नाही. तिनं मुठी आवळून धरल्या होत्या. आता तिला हलायची परवानगी नव्हती.

तेवढ्यात कार्यालयातली शिपाई तानुबाई पाण्याचे ग्लास घेऊन आत आली. तिनं ते पाहिलं, ट्रे टेबलावर ठेवला, चपला काढल्या.

"अवं माय, असं कुठी होत असते का! थांबा भाऊ."

तिनं माझी उरलेली दोन टोकं उचलली. झटकली. शेषरावच्या दिशेनं चालत आली. टोकाला टोक. "आता तुमी हे धरा. हां. असं." दुसरी घडी. तिसरी. मी टेबलावर जाऊन बसले, चिठ्ठीसकट.

तानुबाईनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"काहून? माह्यं काही चुकलं का?"

"नाही," साहेब म्हणाले. धर्मेंद्र मोबाईल काढून त्यात उगीच काही पाहू लागला. साहेबांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

वीस दिवसांनी पत्र आलं. नोकरी राहिली. पण कच्चा काळ आणखी एक वर्ष वाढला, आणि सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली : राजकीय सभेच्या जागी, सभा सुरू असो वा संपलेली, थांबू नये. रागिणीनं ते बापाला वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं. "संपलेली असली तरी बी?" त्यानं विचारलं.

"संपलेली असली तरी बी."

आता मी म्हातारी झाले. कडा विरल्या आहेत, टाचणीचं भोक राहिलं आहे. शेषराव अजून मला सभेला नेतो, पण घडी घालत नाही. एका टोकाला बसून, सरकत सरकत तो मला हळूहळू गुंडाळत नेतो, दुसऱ्या टोकापर्यंत. वेळ लागतो. मधे थांबून दम घेतो. गुंडाळायला एकच माणूस पुरतो. समोर कोणी नसलं तरी चालतं, आणि कोणाच्या लेकीला चपला काढून पुढं यावं लागत नाही.

रविवारी रागिणी येते. अंगणाचं दार लावून घेते, मला तिथं उलगडते आणि बापाला हाक मारते. तो दोन टोकं धरतो, ती दोन. चालत एकमेकांकडे येतात. "जेवलात का?" ती विचारते. तो म्हणतो, "तू?" मत कोणाला दिलं, हे त्यानं परत कधी विचारलं नाही. मलाही ते ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी मी सांगितलं नसतं.

तुम्हाला एवढंच म्हणते. सगळे उठून गेल्यावर कोणी दोन टोकं धरून एकटं उभं दिसलं, तर त्याला पक्ष विचारू नका. चपला काढा आणि उरलेली दोन धरा.